आमची वाटचाल : रंगाआधीची जमीन

कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगाव किंवा कागल-हातकणंगले औद्योगिक वसाहतीतून आम्हाला फोन येतो, तेव्हा पहिला प्रश्न बहुधा रंगाचा असतो. जमिनीवर टणक थर देणाऱ्या रंगांपैकी इपॉक्सी घ्यावे की पीयू (पॉलियुरेथेन), थर किती मायक्रॉनचा (मिलिमीटरच्या हजाराव्या भागाचा) ठेवावा, चौरस फुटाला दर काय, याची चौकशी होते. आमचा पहिला प्रश्न त्या रंगाखाली येणाऱ्या काँक्रीटचा असतो : ते कधी ओतले, त्यावर हार्डनर (पृष्ठभाग कठीण करणारी भुकटी) टाकले होते का, मातीवर प्लॅस्टिकचा कागद अंथरून मगच काँक्रीट केले का, आणि आजवर त्यावर काय काय सांडत आले. नवा थर देण्याआधी जमीन घासून तयार करणे हेच आज आमच्या फर्मचे मुख्य काम आहे. रंगकामाकडून आम्ही या कामाकडे कसे वळलो, याची ही हकीकत आहे.

सुरुवात शिवाजी उद्यमनगरातील रंगकामाच्या ठेक्यांपासून झाली. शेडचे लोखंडी सांगाडे, यंत्रांचे सांगाडे, दारे-खिडक्या यांना रेड ऑक्साईड आणि एनॅमल मारण्याचे ते काम होते. ऑईल इंजिनांच्या काळापासून या परिसरात लोखंड ओतणारे आणि घडवणारे कारखाने असल्यामुळे कामाला तोटा नव्हता. पुढे येथील फाउंड्री आणि मशीन शॉप मोठ्या वाहन कंपन्यांना माल पुरवू लागले, त्या कंपन्यांचे तपासनीस कारखान्यात येऊ लागले आणि पायाखालची जमीन हाही तपासणीचा विषय झाला. धूळ न उडणारी, तेल सांडल्यास पुसता येणारी, पिवळ्या पट्ट्यांनी जा-ये करण्याचे मार्ग आखलेली जमीन हवी, अशी मागणी आली आणि तिच्याबरोबर इपॉक्सी आले. आपल्याकडे तेव्हा जमिनीची तयारी म्हणजे तारेचा ब्रश, झाडू आणि फार तर ॲसिडचे पाणी एवढीच समजूत होती.

या काळात आम्हाला अनेकदा दुसऱ्यांनी केलेली, उखडलेली कामे पाहायला बोलावले जाई. अशाच एका मशीन शॉपमध्ये, ट्रॉली वळवण्याच्या जागी इपॉक्सीचा तळहाताएवढा पापुद्रा सुटून आला होता. तो उचलून उलटा केला. वरची बाजू गुळगुळीत आणि शाबूत होती; खालच्या बाजूला करड्या रंगाची बारीक भुकटी सलग चिकटलेली होती आणि बोट फिरवताच ती बोटाला लागत होती. मालकांचे म्हणणे होते की रंग हलका वापरला गेला. प्रत्यक्षात रंगाने आपली पकड सोडलीच नव्हती. त्याने ज्याला धरले होते, ते सिमेंटच मूळ काँक्रीटपासून सुटले होते. त्या पापुद्र्याची खालची बाजू मी तेव्हापासून प्रत्येक ग्राहकाला आवर्जून पाहायला लावतो, कारण दोष कुठे आहे हे ती बाजू कोणत्याही अहवालापेक्षा स्पष्ट सांगते.

काँक्रीट ओतल्यावर जड खडी खाली बसते आणि पाणी वर येते. येताना ते सिमेंटचे व वाळूचे अतिसूक्ष्म कण बरोबर आणते. दुधावर साय धरावी तसा हा थर वर धरतो. मिश्रणात पाणी जास्त पडले, पृष्ठभाग ओला असतानाच त्यावर थापी किंवा पॉवर ट्रॉवेल (घोटण्याचे यंत्र) फिरवले, किंवा चकाकी यावी म्हणून कोरडे सिमेंट शिंपडून घोटले, तर हा थर अधिकच जाड आणि ठिसूळ होतो. दिसायला तो सर्वांत सुंदर असतो, आणि नेमका तोच सर्वांत दुबळा असतो. ट्रीमिक्स पद्धतीत निर्वात पंपाने जादा पाणी ओढून घेतले जाते, त्यामुळे तेथे हा दोष कमी आढळतो. पण ट्रीमिक्सची जमीन इतकी घट्ट आणि गुळगुळीत घोटलेली असते की प्रायमर (रंगाआधीचा पहिला थर) तिच्यात मुरत नाही. म्हणजे कच्ची जमीन असो वा पक्की, वरचा थर काढून खालचे सच्छिद्र आणि सशक्त काँक्रीट उघडे करणे दोन्हीकडे आवश्यकच ठरते.

ॲसिडने हे काम होते, असे पुष्कळजण आजही मानतात. तेलकट जमिनीवर ॲसिड पोहोचतच नाही, हार्डनर टाकलेल्या जमिनीवर त्याचा परिणाम जागोजागी वेगळा होतो, आणि धुऊन काढताना जमिनीत पाणी व क्षार मुरतात. ते नीट धुतले गेले नाहीत, तर पुढच्या थराखाली तेच उपद्रव करतात. शिवाय बंद शेडमध्ये ॲसिडच्या वाफा कामगारांच्या छातीत जातात आणि जवळच्या यंत्रांच्या उघड्या लोखंडावर गंज आणतात. आम्ही ही पद्धत पूर्णपणे बंद केली आणि भाड्याच्या यंत्रावर ग्राइंडिंगला, म्हणजे यंत्राने जमीन घासायला, सुरुवात केली. काही कामांनंतर कर्ज काढून तीन चकत्यांचे स्वतःचे यंत्र घेतले. त्यात मोठी तबकडी एका दिशेने आणि तिच्यावरच्या लहान चकत्या उलट दिशेने फिरतात, त्यामुळे जमीन एकसारखी घासली जाते आणि खड्डे पडत नाहीत. त्याला थ्री-फेज वीज लागते. केबल लांब आणि बारीक असेल तर विजेचा दाब उतरतो आणि मोटर तापते. म्हणून केबल आम्ही स्वतःचीच नेतो.

यंत्रापेक्षाही या धंद्यातील खरे ज्ञान त्याखाली लावायच्या डायमंड सेगमेंटचे, म्हणजे घासणाऱ्या हिरेजडित तुकड्यांचे, आहे. हिऱ्याचे कण धातूच्या भुकटीत बांधलेले असतात. काँक्रीट घासताना तो धातू झिजावा आणि नवे कण उघडे पडावेत, अशी त्याची रचना असते. म्हणून कठीण जमिनीला मऊ बंधाचे आणि मऊ, वाळू सुटणाऱ्या जमिनीला कठीण बंधाचे सेगमेंट लागतात. हे प्रथम ऐकणाऱ्याला उलटे वाटते, पण कारण सरळ आहे. मऊ जमिनीतून सुटलेली वाळू धातूला भराभर खाते, तर कठीण जमिनीवर धातू झिजतच नाही आणि हिरे आतच अडकून राहतात. एका वर्कशॉपमध्ये क्वार्ट्‌झ हार्डनर टाकलेली जमीन होती. यंत्र चालू असताना त्याचा खरखरीत आवाज हळूहळू बारीक झाला, धूळ येणे जवळजवळ थांबले आणि यंत्र जमिनीवरून नुसते सरकू लागले. उलटवून पाहिले तर सेगमेंट आरशासारखे चमकत होते. आमच्या मिस्त्रींनी जमिनीवर जाडसर वाळू पसरून त्यावर यंत्र फिरवले, तेव्हा धातूवरची चकाकी उतरून हिरे पुन्हा उघडे झाले. पुढचे काम मऊ बंधाचे सेगमेंट लावूनच पूर्ण केले. आवाजावरून आणि धुळीच्या जाडीवरून जमीन ओळखणारा असा माणूस तयार व्हायला वेळ लागतो. तो टिकवून ठेवणे हे मी मालक म्हणून माझे पहिले काम समजतो.

किती घासायचे, याचे उत्तर वर काय येणार त्यावर ठरते. काँक्रीटच्या खडबडीतपणाची १ ते १० अशी एक मान्य श्रेणी आहे आणि तिचे रबरी नमुने मिळतात. ते जमिनीशेजारी ठेवून डोळ्यांनी आणि हाताने तुलना करता येते. ग्राइंडिंगने साधारणतः १ ते ३ पर्यंतचा खडबडीतपणा मिळतो. पातळ कोटिंगला तो पुरतो. काही मिलिमीटर जाडीच्या पीयू काँक्रीटला अधिक खडबडीत जमीन लागते आणि तेथे शॉट ब्लास्टिंग (पोलादी गोळ्यांचा मारा) किंवा स्कॅरिफायिंग (दातेरी चाकांनी खरवडणे) करावे लागते. तसे आम्ही ग्राहकाला स्पष्ट सांगतो. उलट, जास्त घासणे म्हणजे चांगले घासणे असेही नाही. कोटिंगसाठी साधारणतः १६ ते ४० नंबरच्या जाड सेगमेंटने वाळूचे कण उघडे पडेपर्यंत घासले की थांबावे. बारीक नंबर लावत गेल्यास आपल्याकडच्या काळ्या कातळाची खडी चमकून दिसू लागते, आणि ती पॉलिश केलेल्या जमिनीला शोभते. प्रायमरला मात्र अशा चकाकीवर पकड मिळत नाही. खांबांच्या कडेला, भिंतीलगत आणि यंत्रांच्या पायाभोवती मोठे यंत्र पोहोचत नाही. तेथे कपव्हील (वाटीसारखी घासणारी चकती) लावलेला हातग्राइंडर वापरावा लागतो. पापुद्रे सुटण्याची सुरुवात बहुतेकदा याच कडांपासून होते, म्हणून कडेचे काम आम्ही सर्वांत अनुभवी हातांकडे देतो.

कोल्हापूरच्या कारखान्यांत तेल ही आणखी एक कसोटी आहे. लेथ आणि मिलिंग यंत्रांखाली वर्षानुवर्षे मुरलेले कटिंग ऑईल वरवर घासल्याने निघत नाही. उलट ग्राइंडिंगच्या उष्णतेने ते पसरते आणि सेगमेंटही चिकट होतात. त्यामुळे आधी साचलेला चिखल खरवडून, अल्कली डिग्रीझर (तेल काढणारे रसायन) आणि गरम पाण्याने घासून, ते पाणी व्हॅक्युमने उचलून, जमीन सुकवून मगच यंत्र लावले जाते. त्यानंतर पाण्याचे थेंब टाकून पाहतो. थेंब मोत्यासारखे उभे राहिले तर तेल आहे, ते पसरून शोषले गेले तर पुढे जाता येते. तेल फारच खोल गेले असेल, तर तेवढा भाग फोडून नव्याने भरण्याचा सल्ला देतो, आणि तो सल्ला मानला न गेल्यास तेवढ्या जागेची हमी देत नाही.

ओलाव्याचा धडा मात्र या शहराला पंचगंगेने दिला. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैमध्ये महापूर आला आणि महामार्गही पाण्याखाली गेला, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. पाणी ओसरल्यावर अनेक गोदामांना आणि कारखान्यांना लवकरात लवकर जमीन पूर्ववत करून हवी होती. मागणी रास्त होती, कारण बंद शेडचा प्रत्येक दिवस नुकसानीचा असतो. तरीही गाळ काढून वरून कोरडी दिसणारी जमीन आतून ओलीच असते, आणि खाली प्लॅस्टिकचा अडसर नसेल तर मातीतून ओलावा वर येतच राहतो. दीड फूट लांब-रुंद पारदर्शक प्लॅस्टिक चारही बाजूंनी टेपने चिकटवून किमान १६ तास ठेवायचे आणि उघडून पाहायचे, ही सर्वांत सोपी चाचणी आहे. खाली थेंब दिसले किंवा काँक्रीट काळवंडले तर थांबायचे. त्या काळात आम्ही ग्राइंडिंग करून जमीन उघडी ठेवून दिली, जेणेकरून ओलावा बाहेर पडायला वाट मिळेल, आणि कोटिंगची तारीख पुढे ढकलली. काही ग्राहक त्यावरून नाराज होऊन दुसरीकडे गेले. ते कामही आमच्या हातून गेले, तरी तो निर्णय मला आजही योग्यच वाटतो. पावसाळ्यात दवबिंदूचीही, म्हणजे ज्या तापमानाला हवेतील बाष्पाचे पाणी होते त्याचीही, काळजी घ्यावी लागते. जमिनीचे तापमान दवबिंदूपेक्षा किमान ३ अंश सेल्सिअसने जास्त नसेल, तर प्रायमर उघडायचा नाही, असा आमच्याकडे नियम आहे.

धुळीविषयी मी अधिक आग्रहाने लिहितो, कारण येथे प्रश्न माणसांच्या फुप्फुसांचा आहे. फाउंड्रीच्या जमिनीत मोल्डिंगची (साचे बनवण्याची) सिलिका वाळू रुतलेली असते आणि हार्डनरमध्येही क्वार्ट्‌झ असते. घासताना त्यांचे १० मायक्रॉनहून लहान कण हवेत मिसळतात, डोळ्यांना ते दिसत नाहीत आणि श्वासाबरोबर खोलवर जातात. त्यातून होणारा सिलिकोसिस हा फुप्फुसांचा रोग बरा होत नाही. कारखाने अधिनियम, १९४८ च्या तिसऱ्या अनुसूचीत तो नोंद करणे बंधनकारक असलेला रोग म्हणून दिला होता. ओले ग्राइंडिंग केल्यास धूळ उडत नाही, पण त्याचा चिखल वेळीच उचलला नाही तर तो सुकून पुन्हा तोच कच्चा थर बनतो आणि जमिनीत नको तेवढे पाणी मुरते. म्हणून कोटिंगपूर्वी आम्ही कोरडेच ग्राइंडिंग करतो आणि यंत्राला ०.३ मायक्रॉन आकाराचे ९९.९७ टक्के कण अडवणाऱ्या हेपा फिल्टरचा व्हॅक्युम जोडतो. तोंडाला रुमाल बांधून काम करायला आमच्याकडे परवानगी नाही. मास्क चेहऱ्यावर घट्ट बसणारा आणि फिल्टरचाच हवा. व्हॅक्युमची किंमत पाहून सुरुवातीला माझ्या हितचिंतकांनी मला परावृत्त करण्याचा प्रयत्न केला होता. आज शेजारच्या ओळीत उत्पादन चालू असतानाही ग्राहक आम्हाला काम करू देतात, ते याच व्हॅक्युममुळे.

दरपत्रकात आम्ही ग्राइंडिंग, भेगा व सांधे भरणे आणि कोटिंग या तीन बाबी वेगवेगळ्या दाखवतो. एकत्र दर दिला की घासाघीस होते आणि कात्री नेमकी ग्राइंडिंगला लागते, कारण काम संपल्यावर ते कोणाला दिसत नाही. आता काही कारखानदार केवळ ग्राइंडिंगसाठी आम्हाला बोलावतात आणि कोटिंग दुसऱ्या ठेकेदाराकडून करून घेतात, याचा मला आनंद आहे. नव्या जमिनीसाठी विचारणा झाल्यास काँक्रीट ओतण्याआधीच भेटायला जातो. प्लॅस्टिकचा कागद, नीट क्युरिंग (काँक्रीट ओले ठेवून पक्के होऊ देणे), किमान २८ दिवस थांबणे आणि वरून कोरडे सिमेंट न शिंपडणे एवढे सांभाळले, तर पुढचे निम्मे काम हलके होते.

सध्या आम्ही कोटिंगची पकड मोजणारे पुल-ऑफ उपकरण वापरात आणत आहोत. जमिनीवर चिकटवलेली धातूची चकती किती ताणाला सुटते आणि सुटताना ती रंगातून सुटते की काँक्रीटमधून, हे ग्राहकाच्या डोळ्यांदेखत दाखवता येते; सर्वसाधारणपणे १.५ मेगापास्कलच्या वरचा आकडा आम्ही स्वीकारार्ह मानतो. येत्या दिवाळीच्या सुट्टीत कारखाने बंद असताना ज्यांना काम करून घ्यायचे आहे, त्यांनी पावसाळा संपताच जमीन पाहायला बोलवावे, म्हणजे ओलाव्याच्या चाचणीला आणि तेल काढायला पुरेसा अवधी मिळेल.