खाजऱ्या कातडीला कुठलं तेल?

बेळगाव, खानापूर, निपाणीकडं बाळाच्या कोपराच्या नि गुडघ्याच्या मागच्या वळीत लाल चट्टे उठले, खाज सुटली, की बऱ्याच घरांत आधी घाण्याचं शेंगतेल चोळतात. ते बंद करा, ही कळकळीची विनंती. एक्झिमानं, म्हणजे या खाजऱ्या चट्ट्यांच्या आजारानं, फुटलेल्या कातडीतून शेंगदाण्यातलं प्रोटीन आत शिरतं, शरीर त्याला परकं धरतं आणि पुढं शेंगदाण्याचीच ॲलर्जी जडण्याचा धोका वाढतो. घाण्याच्या तेलात हे प्रोटीन थोडंफार उरतं. मोहरीचं तेलही नको, त्यानं कातडीची आग होते.

कातडीचा वरचा थर विटांच्या भिंतीसारखा असतो. विटांमधला चुना म्हणजे सिरॅमाइड वगैरे स्निग्ध पदार्थ, आणि काही महत्त्वाची सिरॅमाइडं बनायला लिनोलिक आम्ल हा तेलातला घटक लागतो. 1929 मध्ये जॉर्ज आणि मिल्ड्रेड बर या शास्त्रज्ञ जोडप्यानं उंदरांच्या खाण्यातून स्निग्ध पदार्थ काढून टाकले, तर त्यांच्या कातडीला खवले धरले. उलट ओलिक आम्ल हा तेलातला दुसरा घटक जास्त असलेलं तेल वरून लावलं तर हा चुना सैल होतो. म्हणून महागडं ऑलिव्ह तेल इथं कामाचं नाही. आपल्या भागातल्या करडईच्या तेलात साधारण 70 टक्के लिनोलिक असतं. मात्र हाय-ओलिक, म्हणजे ओलिक जास्त असलेल्या, वाणाचं तेलही बाजारात मिळतं, तेव्हा लेबल वाचूनच घ्या.

लावायला सगळ्यात भरवशाची साधी, बिनवासाची पेट्रोलियम जेली. त्याखालोखाल शुद्ध खोबरेल. फिलिपिन्समधल्या मुलांवरच्या 2014 च्या चाचणीत 8 आठवड्यांत ते खनिज तेलापेक्षा सरस ठरलं. डिसेंबरात खोबरेल थिजतं. ते चुलीवर तापवू नका, तळहातावर घेतलं की विरघळतं.

खरी चूक होते ती लावण्याच्या पद्धतीत. कोरड्या अंगावर तेल चोळून मग कढत पाण्यानं आंघोळ घातली तर तेलही जातं नि ओलावाही. आधी कोमट पाण्यानं 5 ते 10 मिनिटं आंघोळ, मग टॉवेलनं नुसतं टिपायचं, आणि कातडी दमट असतानाच, 3 मिनिटांच्या आत, जेलीचा जाड थर. हात केसांच्या दिशेनं वरून खाली फिरवा. उलटा चोळला तर केसांच्या मुळाशी पुळ्या येतात. डबीत बोट न घालता स्वच्छ चमच्यानं काढा. अंगभर एक्झिमा असलेल्या लहान मुलाला आठवड्याला 250 ग्रॅम तरी लागते. चिमूटभर लावून "गुण येत नाही" म्हणणारेच जास्त भेटतात. डॉक्टरांनी स्टिरॉइड मलम दिलं असेल तर दोन्हींत अर्धा तास अंतर ठेवा, आणि जेलीच्या भरवशावर ते मलम सोडू नका.

जेली मुरलेले कपडे-चादरी झटकन पेट घेतात, म्हणून मुलाला चुलीपासून, शेकोटीपासून लांब ठेवा. पिवळी खपली, पू, किंवा तापासोबत बारीक फोडांचा घोस दिसला तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

खाण्यातल्या तेलाकडून मात्र फार अपेक्षा नको. इव्हनिंग प्रिमरोज या फुलझाडाच्या बियांच्या तेलाच्या महागड्या कॅप्सूल 2013 च्या कोक्रेन आढाव्यात (अनेक चाचण्या एकत्र तपासणारा अहवाल) बिनऔषधी गोळीपेक्षा सरस ठरल्या नाहीत. तरी भाकरीबरोबर जवसाची चटणी जरूर असावी. 10 ग्रॅम जवसात सुमारे 2 ग्रॅम ओमेगा-3 हे स्निग्ध आम्ल मिळतं, त्यातलं थोडंच शरीर माशातल्या प्रकारात बदलतं. बंगडा, तारली सोसत असतील तर तेही खा. चटणी आठवड्यापुरतीच कुटा. जवसाचं तेल हवेनं लवकर खवट होतं. बरणी उघडल्यावर ऑइलपेंटसारखा वास आला तर ती टाकून द्या. पेंटमध्येही हेच तेल असतं.