मोडीचा सातवा महिना : सुत की सूत?

मंडळी, मोडी, म्हणजे जुन्या मराठी कागदांची लिपी, शिकायला लागून मला सातवा महिना चालू आहे. मागच्या नोंदीत मी ऐटीत लिहिलं होतं की पेशवेकालीन अक्षराचं वळण आता बऱ्यापैकी वाचता येतंय. ते शब्द परत घेते.

आधी हिशेब. महिन्यात चार कागद, ५३ ओळी. लिहिण्याचा सराव पहाटे, कादंबरीला बसण्याआधी अर्धा तास. अक्षर काढून मग डोक्यावर रेघ मारायची देवनागरी सवय अखेर सुटली. आता आधी पानभर आडव्या रेघा ओढून घेते आणि अक्षरं त्यांना टांगते. काना खालून वर नेऊन रेघेला भिडवणंही जमतंय. बोरू, म्हणजे तासून केलेली बोरूची लेखणी, मात्र रुसलेलाच आहे. काप जरा जास्त तिरका गेला की शाई एकदम सुटते आणि पानावर जांभूळ पडतं. शिवाय बोरू तासायला स्वयंपाकघरातली सुरी नेते म्हणून घरात बोलणी खाल्ली, ती वेगळीच.

आता फजिती. मी लिहितेय ती कादंबरी १७६० सालात घडते. नायक कारकून, भाऊसाहेबांच्या, म्हणजे सदाशिवरावभाऊ पेशव्यांच्या, फौजेबरोबर उत्तरेत. नायिका पुण्यात, कसब्यात. वर्गात सरावाला एका घरगुती यादीची छायाप्रत मिळाली. वरचा भाग फाटलेला, त्यामुळे नाव नाही, सन नाही. त्यातली एक ओळ मी लावली : ‘सुत पा॥ २’. सुत म्हणजे मुलगा, पा॥ म्हणजे पाठविले. अंगावर काटाच आला. कुणा आईनं दोन्ही मुलगे पाठवले! त्या रात्री जेवणं उरकली आणि एका बैठकीत १,८०० शब्द लिहिले. दिंडी दरवाजा, ओटी, आईच्या हातातली दह्याची वाटी, सगळं आलं. लिहिताना मीच रडले.

पुढच्या वर्गात सरांना कागद दाखवला. सरांनी चष्मा वर सरकवला आणि दोनाच्या पुढच्या ठिपक्यावर बोट ठेवलं. तो मी शाईचा डाग समजले होते. तो ‘शे’ होता. शेर.

“अहो ताई, पोरं काय शेरावर तोलून पाठवत होते?”

मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळत नाहीत, हे मी पहिल्याच महिन्यात वहीत लाल शाईनं लिहून ठेवलंय. सुत आणि सूत दिसायला एकच. त्यात ‘पा॥’ असा संक्षेप, म्हणजे पाठविला की पाठविले, तेही उघड होत नाही. आजूबाजूला हळद आणि सुपारी होती, तेवढ्यावरूनही कळायला हवं होतं. पण मला मुलगेच हवे होते ना!

प्रसंग कापला. दोन दिवस मन लागलं नाही. मग वाटलं, सूत तर सूत. नायिका टकळीवर सूत काततेय, नवऱ्याच्या जानव्यासाठी. श्रावणी पौर्णिमेला जानवं बदलायचं आणि त्या वर्षी त्या दिवशी फौज दिल्लीत. तिच्या बोटांतून निघालेला धागा त्याच्या उघड्या खांद्यावर पोचतो. रडारडीच्या प्रसंगापेक्षा हे मला कितीतरी जास्त शृंगारिक वाटतं. तीन परिच्छेदांत झालं.

दुसरी चूक सुहूर सनाची, म्हणजे जुन्या कागदांवर अरबी अंकशब्दांत लिहिलेल्या सालाची. ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार : ११६१. इसवी सन काढायला त्यात मी डोळे मिटून ६०० मिळवत होते. पण हा सन मृग नक्षत्राला, म्हणजे जूनच्या सुरुवातीला, बदलतो. जानेवारीपासून मृगापर्यंतच्या कागदाला ६००, मृगानंतर डिसेंबरपर्यंत ५९९. त्यामुळे १४ जानेवारी १७६१ चं पानिपत ११६१ मध्येच येतं आणि त्याआधीची, ऑक्टोबर १७६० ची त्याच मोहिमेतली कुंजपुऱ्याची लढाईही ११६१ मध्येच. माझ्या वहीत कुंजपुरं १७६१ च्या ऑक्टोबरात गेलं होतं. म्हणजे पानिपतावर पडलेला नायक नऊ महिन्यांनी तिथून ख्यालीखुशाली कळवत होता! नवशिक्यांनो, ५९९ आणि ६०० भिंतीवर चिकटवून ठेवा.

एक आगाऊ विनंती. मोडी शिकते म्हटलं की प्रत्येक पाहुणा ‘ध चा मा’ करून दाखवायला सांगतो. ती १७७३ ची दंतकथा, माझी कादंबरी १७६१ ला संपते. चहा घ्या आणि जा.

पुढच्या महिन्यात शाई घरी करून बघणार आहे, काजळी आणि बाभळीचा डिंक. कुणी केली असेल तर प्रमाण सांगा.

आणि त्या यादीत सुताच्या खालची ओळ अजून अडलीय. पहिलं अक्षर वाळवीनं खाल्लंय, मग ‘ळी’, पुढे आकडा १. माझं म्हणणं चोळी. सर म्हणतात, मोळी.