गोठ्याची जागा बघायला गेलो आणि नुसते खड्डे खणून आलो

चुलतभावाने गोठ्यासाठी जागा हेरली होती. फोनवर म्हणाला दादा एकदम सपाट आहे, रस्त्याला लागून आहे, लेव्हलिंग करायचीच गरज नाही, तू फक्त येऊन हो म्हण. मी म्हटलं येतो, पण कुदळ, पहार, फावडं आणि पाण्याचे चार-पाच मोठे कॅन भरून ठेव. तर हसायला लागला, म्हणे विहीर खणायचीय का.

तो हसणारच, त्याने माझा पहिला गोठा बघितलेला नाही. मी पण अशीच सपाट जागा पसंत केली होती आणि ती पण भर उन्हाळ्यात. उन्हाळ्यात कुठलीही जमीन गुणी बाळासारखी वागते. पावसाळा लागून तीन आठवडे झाले नाहीत तोवर गव्हाणीपासून पाण्याच्या हौदापर्यंतचा पट्टा असा झाला की गाय खुराच्या वरपर्यंत आत जायची आणि पाय उपसताना फच्च असा आवाज यायचा, तो आवाज मला झोपेत पण ऐकू यायचा. खुरं भिजून मऊ पडली, दोघी लंगडायला लागल्या, एकीला कासदाह (कासेला सूज) झाला, आणि धार काढायच्या आधी सडं धुण्यातच निम्मी सकाळ जायची. मी आपला औषधं बदलतोय, खुराक बदलतोय. सगळा घोळ पायाखालच्या मातीत आहे हे कळायला दुसरा पावसाळा उजाडला.

तर असो. जागेवर गेल्यावर आधी माती बघितलीच नाही, नुसता बांधाबांधाने फिरलो. पाणी येतं कुठून आणि जातं कुठे एवढंच बघत. एका बाजूला बांधाच्या तळाशी काडीकचऱ्याची एक सरळ रेघ दिसली, म्हणजे पाणी तिथवर चढून थांबलं होतं. मधोमध लव्हाळ्याचा हिरवागार पॅच, बाकी सगळं गवत करपलेलं असताना. लव्हाळा फुकटचा सर्व्हेअर आहे, त्याला ओल सापडते. मग गवंडी लोक वापरतात ती पारदर्शक लेव्हलची नळी काढली, एक टोक त्याच्या हातात एक माझ्या, 30 मीटरमागे उतार निघाला जेमतेम 10 सेंटिमीटर. म्हणजे अर्धा टक्का पण नाही. गोठ्याच्या बाहेरच्या मोकळ्या आवाराला मी निदान 2 टक्के तरी धरतो, म्हणजे तेवढ्याच अंतरात 60 सेंटिमीटर. आणि तो 10 सेंटिमीटरचा उतार पण बाहेर नाही, आत, मधल्या लव्हाळ्याकडे! डोळ्याला सपाट दिसणारी जागा ताटलीसारखी होती.

मग खड्डे. तीन ठिकाणी, जिथे शेड येणार तिथे, जिथे गाई मोकळ्या फिरणार तिथे आणि वरच्या कोपऱ्यात जिकडे त्याने ढुंकूनही बघितलं नव्हतं. खोली चार-पाच फूट. वरवरची माती बघून काही कळत नाही, वर सुंदर भुसभुशीत असते आणि दोन फुटाखाली घट्ट तवा निघतो. पहिल्या खड्ड्यात तेच झालं, वर काळी, आणि दोन फुटाखाली राखाडी माती आणि त्यात गंजाचे ठिपके, जुन्या मुळांच्या भोकाभोवती तर गंजाच्या बारीक नळ्याच. भाऊ म्हणाला अरे वा, लोह दिसतंय, चांगलं ना? म्हटलं बाबा, मातीतलं लोह हवा मिळाली की तांबूस होतं, आणि पाण्यात आठवडेच्या आठवडे बुडून राहिलं की हवा संपते, रंग उडतो, माती राखाडी पडते. मुळाच्या भोकातून थोडी हवा आत आली तिथे तेवढा गंज धरला. म्हणजे इथे दोन फुटावर दरवर्षी पाणी तुंबतं, आत्ता खड्डा कोरडा असला तरी. हे पटल्यावर मात्र तो गप्प झाला.

मातीचा पोत बघायला लॅबच लागते असं काही नाही (खतासाठी, क्षारासाठी लागते, तिथे कंजूषी नको). मूठभर माती घ्यायची, खडे काढायचे, थोडं थोडं पाणी घालून कणकेसारखी मळायची आणि अंगठा आणि बोटामध्ये दाबत फीत बाहेर काढायची. अडीच सेंटिमीटरच्या आत तुटली तर पोयट्याकडची (पोयटा म्हणजे वाळू, गाळ आणि चिकणमाती मिसळलेली माती), पाचपर्यंत गेली तर चिकण पोयटा, पाचच्या पुढे गेली तर चिकण. भावाने काढलेली फीत साडेसात सेंटिमीटर लोंबत होती, चकचकीत, आणि पठ्ठ्या खूश की किती लांब आली. वरच्या कोपऱ्यातली माती दोन सेंटिमीटरवर मोडली, बोटाला खरखर लागत होती, खाली मुरूम. खात्री म्हणून दोन बाटल्यांत माती-पाणी हलवून ठेवलं. वाळू मिनिटाभरात बसते, गाळ दोनेक तासात, आणि चिकणमाती दुसऱ्या दिवशीपर्यंत रेंगाळते. खालच्या जागेची बाटली दुसऱ्या दिवशी पण चहासारखी गढूळ होती.

आता खरी गंमत पाणी मुरायच्या टेस्टची. फूटभर रुंद दोन फूट खोल खड्डा, पाणी भरलं, आणि खालच्या जागेत ते बघता बघता गायब! भाऊ उड्या मारायला लागला की दादा बघ किती झटपट मुरतंय. अरे, काळी माती उन्हाळ्यात तडकते, पहिलं पाणी भेगांतून खाली पळतं, मग माती फुगते, भेगा मिटतात आणि झाकण बसल्यासारखं होतं. म्हणून रात्रभर खड्डा भिजत ठेवायचा आणि दुसऱ्या दिवशी परत भरून, काठीवर खूण करून, तासाला किती उतरलं ते बघायचं. सकाळी खालच्या खड्ड्यात तासाला 1 सेंटिमीटर पण उतरलं नाही, वरच्यात 6 च्या आसपास. तासाला अडीच ते साडेसात सेंटिमीटर उतरलं तर मी खूश असतो. अडीचच्या खाली गेलं तर चर, भराव, पाईप सगळं आलं.

पण फार झटपट मुरलं तरी नाचू नका. 500 किलोची गाय दिवसाला अंदाजे 40 किलो शेण-मूत टाकते, 20 गाई म्हणजे 800 किलो, वर गोठा धुतल्याचं पाणी वेगळं. वाळूच्या किंवा खडीच्या जमिनीत ह्यातलं नायट्रेट सरळ खाली जातं आणि खाली विहीर असेल तर तेच पाणी आपण पितो. म्हणून शेणाचा खड्डा विहिरीपासून 30 मीटर तरी लांब, उताराला विहिरीच्या खालच्या अंगाला, आणि तळ पक्का. तो म्हणाला एवढं कोण बघतं. म्हटलं तू बघ.

अजून एक गोष्ट, जी मला स्वतःला उशिरा कळली. ही टेस्ट गाई यायच्या आधीच्या मातीची असते. गाईचं वजन चार छोट्या खुरांवर पडतं, ट्रॅक्टरच्या टायरपेक्षा जास्त दाब, आणि ओल्या मातीवर तर ती अक्षरशः कालवून चोपते. आज 6 सेंटिमीटर मुरतंय ते वर्षभराने मुरेलच असं नाही. त्यामुळे मोकळ्या आवारात मुरण्याच्या भरवशावर राहायचंच नाही, मधे कासवाच्या पाठीसारखा उंचवटा करायचा, पाणी वरच्या वर वाहून गेलं पाहिजे. आणि छपराचं पाणी आवारात सोडायचं नाही! 60 बाय 30 फुटाचा पत्रा म्हणजे 167 चौरस मीटर, एका चौरस मीटरवर 1 मिलिमीटर म्हणजे 1 लिटर, 50 मिलिमीटरचा एक पाऊस झाला की 8,000 लिटरच्या वर पाणी. माझ्या पहिल्या गोठ्याची पागोळी थेट गव्हाणीसमोर पडायची, आता आठवलं तरी लाज वाटते.

भावाचं म्हणणं होतं की काळ्यावरच जाड काँक्रीट टाकू. काळी फुगते, आकसते, काँक्रीट उचलते, तडे जातात, तड्यात मूत मुरतं. टाकायचंच असेल तर काळी उकरून काढा, मुरूम थराथराने टाकून रोलर फिरवा, जोतं दोन फूट वर घ्या. मग लेव्हलिंगची गरज नाही म्हणालेलास त्याचं काय झालं, असं विचारलं तर इकडे तिकडे बघायला लागला.

शेवटी ठरलं असं की शेड वरच्या मुरमाड कोपऱ्यात. खालच्या जागेत चाऱ्याला पॅरा गवत, त्याला पाय ओले असले तरी चालतात. लसूणघास, हा पण चाराच, त्याने नेमका तिथेच लावायचं ठरवलं होतं, महिन्याभरात मुळं कुजली असती. रस्त्याचं भांडण मात्र अजून मिटलेलं नाही, वर दुधाची गाडी जायला दीडशे मीटर रस्ता करावा लागेल आणि त्यावरून तो अजून कुरकुरतोय.

खड्डे बुजवू नकोस, कडेला काटेरी फांद्या टाक म्हणजे कुणी पडणार नाही, आणि पाऊस लागला की रोज काठीची खूण बघ, एवढं सांगून आलो. परवा त्याने फोटो टाकला. तिथला तिसराच पाऊस, खालचा खड्डा काठोकाठ, त्यात एक बेडूक पोहतोय, आणि खाली लिहिलंय, रस्त्याचं बघू दादा.