लायसन सांभाळून जुन्या बोर्डावर एनव्हीएमई: बायोस बदलण्याचा माझा अनुभव

मामांचं कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात पॅटर्नचं वर्कशॉप आहे. फौंड्रीवाल्यांना लागणारे पॅटर्न (ओतकामाचे नमुने) आणि कोअर बॉक्स (साच्यातल्या पोकळीचा गाभा, म्हणजे कोअर, घडवायच्या पेट्या) तिथे सीएनसीवर बनतात. टूलपाथ, म्हणजे सीएनसीचं हत्यार कुठून फिरायचं ती वाट, काढायचा पीसी तिसऱ्या पिढीच्या आय-७ चा, बोर्ड बी७५ चिपसेटचा. एवढा जुना पीसी बदलून टाका, असं कुणीही म्हणेल. पण ही वाट काढणाऱ्या कॅम सॉफ्टवेअरचं लायसन या बोर्डाच्या यूयूआयडीला (बोर्डाचा स्वतःचा ओळख क्रमांक) आणि मॅक ॲड्रेसला (नेटवर्कच्या जोडणीचा क्रमांक) बांधलेलं आहे. विकणाऱ्यांनी ते दुसऱ्या मशीनवर हलवून द्यायला साफ नकार दिला. नवीन घ्या म्हणाले, आणि तो आकडा ऐकून मामांनी फोन ठेवला.

पीसीचा प्रोसेसर अजून दमदार आहे. जीव जात होता तो हार्ड डिस्कमुळे. मोठ्या पंप केसिंगची फाइल उघडायची म्हटलं की चहा पिऊन यायचं, मग टूलपाथची तात्पुरती फाइल लिहिताना पुन्हा थांबायचं. साटा एसएसडी, म्हणजे हार्ड डिस्कच्याच जोडणीवर चालणारी, लावणं हा सरळ उपाय होता. पण बी७५ ला ६ गिगाबिटचा साटा पोर्ट एकच मिळतो, बाकीचे पाच ३ गिगाबिटचे, आणि या बोर्डाचा तो एकुलता एक पोर्ट मेलेला. ग्राफिक्स कार्डाखालचा पीसीआय एक्सप्रेसचा दुसरा लांब स्लॉट मात्र रिकामा होता. आत चार लेन, जनरेशन २, म्हणजे कागदावर सेकंदाला २ गिगाबाइट. साध्या ॲडाप्टरवर एनव्हीएमई एसएसडी, म्हणजे थेट पीसीआय एक्सप्रेसवर चालणारी वेगवान एसएसडी, तिथे आरामात बसते. विंडोज १० तिला ओळखतं, डेटा ठेवता येतो. तिच्यावरून पीसी सुरू, म्हणजे बूट, मात्र होत नाही, कारण एनव्हीएमईचं पहिलं स्पेसिफिकेशन २०११ मध्ये आलं असलं तरी २०१२ च्या या बोर्डाच्या बायोसमध्ये त्याचा ड्रायव्हरच नाही. तो ड्रायव्हर बायोसमध्ये घालायचा, एवढंच काम.

मामांना समजावताना मी म्हटलं, "बायोस म्हणजे बोर्डावरच्या चिपमधला प्रोग्रॅम. त्यात एक भाग नवीन घालायचा, बाकी एकालाही हात लावायचा नाही."

"म्हणजे पेटीत एक कोअर जादा बसवायचा, साचा तोच," मामा म्हणाले. "पण लायसन ऱ्हायलं पायजे बघ. ते गेलं तर मशीन उभं ऱ्हातंय."

ही अट ऐकल्यावर कामाची पद्धतही ठरली. बोर्ड कंपनीच्या साइटवर बायोसची फाइल मिळते, पण ती सगळ्यांसाठी एकच असते. या बोर्डाचा यूयूआयडी आणि सिरियल नंबर तिच्यात नसतो, काही बोर्डांत तर मॅक ॲड्रेसही याच चिपमध्ये असतो. ती फाइल बदलून थेट चिपवर चढवली तर पीसी चालू होईल, लायसन मात्र उडेल. म्हणून याच चिपमधली मूळ प्रत वाचून घ्यायची आणि तीच बदलायची. कुणी मला या सगळ्या प्रकारात महत्त्वाचं काय असं विचारलं तर मी हेच सांगतो: आपल्या चिपची खात्रीची मूळ प्रत हातात असेपर्यंत काहीही लिहायचं नाही.

चिप विनबाँडची डब्ल्यू२५क्यू६४, आठ पायांची, ६४ मेगाबिट म्हणजे ८ मेगाबाइटची. वाचायला सीएच३४१ए प्रोग्रॅमर, म्हणजे चिप वाचायचं-लिहायचं यूएसबी उपकरण, ऑनलाइन मागवला. हा काळा प्रोग्रॅमर स्वस्त आहे, पण त्यात एक खोट आहे: चिपला वीज ३.३ व्होल्टची देतो आणि डेटाच्या लाइनींवर ५ व्होल्ट सोडतो. ३.३ व्होल्टच्या चिपवर हा विनाकारण ताण. मी मल्टिमीटर लावून आधी ते बघितलं आणि त्याची दुरुस्ती केल्यावरच तो वापरला. नव्या लॅपटॉपमध्ये १.८ व्होल्टच्याही चिप असतात, तिथे वेगळा ॲडाप्टर लागतो.

सोमवारी वर्कशॉप बंद असतं, तो दिवस निवडला. कॅबिनेट उघडलं तर बोर्डावर कूलंटच्या वाफेचा आणि धातूच्या बारीक भुकटीचा चिकट थर. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रशने चिपचे पाय चकचकीत केले. पॉवर सप्लायची वायर काढली, बायोसचा सेल काढला, चिपचे पाय पकडणाऱ्या प्रोग्रॅमरच्या क्लिपची लाल वायर चिपवरच्या ठिपक्याच्या बाजूला ठेवून क्लिप लावली. फ्लॅशरॉम या सॉफ्टवेअरने चिप ओळखली, वाचली, फाइलही बरोबर ८३,८८,६०८ बाइटची आली. पुन्हा वाचून दोन्ही फाइलींचा एमडी५ (फाइलीचा ठसा, एक बाइट बदलला तरी तो बदलतो) काढला तर वेगळा. क्लिप काढून परत लावली, तरी वेगळा.

बरेच जण इथेच घसरतात. फाइल उघडते, आत कंपनीचं नाव दिसतं, आकार बरोबर असतो, मग चाललं समजून पुढे जातात. पण दोन वाचनं जुळत नसतील तर त्यातलं एकही धरायचं नाही. मल्टिमीटरची एक टोचणी चिपच्या चौथ्या पायावर आणि दुसरी आठव्या पायावर ठेवली, तर २.५ व्होल्टच्या आसपास आकडा हलत होता. या चिपला किमान २.७ लागतात. चिप बोर्डावर असताना प्रोग्रॅमरची वीज तिच्यापुरती राहत नाही, त्याच लाइनवरचा चिपसेट आणि इतर भागही ओढून घेतात. यूएसबीच्या जिवावर चालणारा प्रोग्रॅमर तिथे पुरा पडत नाही. क्लिप कितीही नीट लावली तरी हे सुटणार नव्हतं.

चिप काढूनच वाचायची ठरवली. राजारामपुरीत एक मोबाइल दुरुस्तीवाले दादा आहेत, हॉट एअरवर त्यांचा हात बसलेला आहे. बोर्ड घेऊन गेलो. त्यांनी शेजारच्या कपॅसिटरांवर उष्णता सोसणारी कॅप्टॉन टेप चिकटवली, फ्लक्स लावला, आणि गोल फिरवत हवा देत राहिले. घाई अजिबात नाही. सोल्डर चमकायला लागलं तशी चिमट्याने चिप हलकेच उचलली. "पॅड निघाला तर बोर्ड गेला भावा, म्हणून ओढायचं न्हाई, ती आपसूक सुटली पायजे," असं बोलत बोलतच. पॅड, म्हणजे चिपचे पाय जिथे जोडलेले असतात ते बोर्डावरचे ठिपके, सगळे जागेवर. चिप सॉकेटमध्ये बसवून वाचली, परत बसवून पुन्हा वाचली. या वेळी एमडी५ अक्षर न अक्षर जुळला.

फाइल हेक्स एडिटरमध्ये उघडली. सोळा बाइट सोडून पुढे ५ए, ए५, एफ०, ०एफ अशी खूण दिसली. ही इंटेलच्या फ्लॅश डिस्क्रिप्टरची सही. ती असली म्हणजे आपल्याकडे पूर्ण चिप आलेली आहे. डिस्क्रिप्टर म्हणजे चिपचा नकाशा: मॅनेजमेंट इंजिन (इंटेलचा स्वतःचा प्रोग्रॅम) कुठून कुठवर, बायोस कुठून कुठवर. यूयूआयडीही शोधला, विंडोजमध्ये आधी टिपून ठेवलेल्याशी ताडला. ही फाइल दोन पेनड्राइव्हवर आणि माझ्या लॅपटॉपवर ठेवली, मगच पुढे सरकलो.

ड्रायव्हर घालणं त्या मानाने सोपं. टियानोकोरच्या ईडीके-२ या मुक्त प्रकल्पात एनव्हीएमईचा ड्रायव्हर आहे, त्यापासून बनवलेलं एफएफएस मॉड्यूल, म्हणजे बायोसमध्ये बसेल अशा रूपातली फाइल, वापरायचं. बायोसच्या फाइली उघडून बदलायच्या यूईएफआयटूल या सॉफ्टवेअरमध्ये मूळ फाइल उघडली. इथे जुनी, ०.२८ सारखी आवृत्ती लागते, कारण नव्या मालिकेत फाइल बघता येते, बदलता येत नाही. डीएक्सई ड्रायव्हरांचा (बायोस सुरू होताना चढणाऱ्या ड्रायव्हरांचा) व्हॉल्यूम, म्हणजे कप्पा, शोधला, त्यातल्या शेवटच्या ड्रायव्हरवर जाऊन त्याच्यानंतर मॉड्यूल घातलं आणि फाइल सेव्ह केली. व्हॉल्यूममध्ये मोकळी जागा असावी लागते, नसेल तर टूल तिथेच अडवतं आणि मग मॉड्यूलची छोटी आवृत्ती वापरावी लागते. इथे जागा होती. चेकसम टूल स्वतःच जुळवतं.

सेव्ह झालं म्हणून विश्वास ठेवायचा नाही. जुनी आणि नवी फाइल शेजारी शेजारी उघडून आतल्या भागांचं पूर्ण झाड खालपर्यंत बघितलं. यूईएफआयटूल कधी कधी पॅड फाइल (मधली जागा भरणारी फाइल) खातं किंवा नवीनच घालतं, आणि अशी फाइल चढवली तर बोर्ड उठत नाही. माझ्या फाइलीत पॅड फाइली सगळ्या होत्या तिथेच होत्या, फक्त ५बीई३ ने सुरू होणारं एक नवं नाव वाढलं होतं. मग दोन्ही फाइली बाइट-बाइट ताडल्या. जो काही फरक होता तो त्या एका व्हॉल्यूमच्या आत. डिस्क्रिप्टर, मॅनेजमेंट इंजिन, यूयूआयडीची जागा, सगळं जसंच्या तसं. आकारही एक बाइट इकडे तिकडे नाही.

बायोसच्या स्वतःच्या अपडेट मेनूतून अशी फाइल चढत नाही, सही जुळत नाही म्हणून तो नाकारतो. माझी चिप सॉकेटमध्येच होती, त्यामुळे थेट प्रोग्रॅमरनेच लिहिली. फ्लॅशरॉम लिहून झाल्यावर पुन्हा वाचून ताडतं, तरी मी वेगळं वाचन करून एमडी५ बघितला. दादांनी चिप परत बसवली आणि भिंगाखाली आठही पाय दाखवले.

वर्कशॉपमध्ये बोर्ड जोडून बटण दाबलं. पंखे फिरले, थांबले, परत फिरले. सेटिंग पुसली गेल्यावर बोर्ड असं करतो हे माहीत असूनही त्या वेळी मामा आणि मी दोघेही गप्प होतो. मग स्क्रीन आली. बूटच्या यादीत एसएसडीच्या कंपनीचं नाव दिसत नाही, 'पाटा एसएस' असं लिहून येतं. हे माहीत नसेल तर काम फसलं असं वाटतं. ग्राफिक्स कार्ड जुनं असल्यामुळे सीएसएम (जुन्या पद्धतीने बूट होऊ देणारी सोय) पूर्ण बंद केलं नाही, फक्त स्टोरेज यूईएफआयवर, म्हणजे नव्या पद्धतीवर, ठेवलं.

विंडोज हलवण्याचं थोडक्यात सांगतो. जुनी डिस्क एमबीआर या जुन्या मांडणीची होती. तिची आधी दुसऱ्या डिस्कवर प्रत काढली, मग विंडोजमधल्याच एमबीआर-टू-जीपीटीने नव्या जीपीटी मांडणीत बदलून क्लोनझिला या सॉफ्टवेअरने एसएसडीवर उतरवली. पहिल्यांदा सेफ मोडमध्ये बूट करायचं, म्हणजे विंडोज आपला एनव्हीएमई ड्रायव्हर सुरुवातीलाच उचलतं. त्या वेळी जुन्या डिस्कची केबल काढून ठेवायची.

मामांनी कॅमच्या आयकॉनवर क्लिक केलं. लायसनची विचारणा न होता सॉफ्टवेअर उघडलं, तोच पंप केसिंग समोर आला. "उघडलं की रं!" म्हणून त्यांनी बंद करून पुन्हा उघडून बघितलं. वाचनाचा वेग सेकंदाला दीड गिगाबाइटच्या वर आला. जनरेशन २ च्या चार लेनवर याहून फार जास्त मिळत नाही, आणि या कामाला तो भरपूर आहे. मूळ बायोसचा एक पेनड्राइव्ह लेबल लावून त्याच कॅबिनेटच्या आत टेपने चिकटवला आहे, पुढे कुणी दुरुस्तीला उघडलं तर हाताला लागावा म्हणून.

आता मामांना हिशेबाच्या पीसीलाही हेच हवं आहे. तो चौथ्या पिढीचा, ब्रँडेड. त्या पिढीपासून इंटेलने बूट गार्ड आणलं. ते चालू असेल तर बदललेला बायोस बोर्ड सुरूच होऊ देत नाही, म्हणून त्यात हात घालण्याआधी ते तपासावं लागतं. पण त्या पीसीचे ६ गिगाबिटचे साटा पोर्ट शाबूत आहेत आणि हिशेबाच्या कामाला तेवढा वेग पुरतो. तिथे बायोसला हात न लावता साधी साटा एसएसडी बसवून दिली.