ह्यूस्टनमध्ये पहिलं पिस्तूल घेताना : माझा अनुभव

ग्रीन कार्ड हातात येईपर्यंत आमच्या घरात पिस्तुलाचा विषय निघायचा प्रश्नच नव्हता. अमेरिकेचा केंद्रीय कायदा याबाबतीत कडक आहे. एच-१बी, एल-१, एफ-१ असल्या तात्पुरत्या व्हिसावर असलेल्या माणसाला बंदूक विकत घेता येत नाही, जवळ बाळगता येत नाही, आणि नेमबाजीच्या रेंजवर भाड्याने घेऊन चार गोळ्या झाडणंही त्यातच मोडतं. शिकारीच्या परवान्यासारखे मोजके अपवाद आहेत, पण वकिलाला विचारल्याशिवाय त्यांच्या भरवशावर राहू नये. व्हिसावर आलेली आपली मुलं वीकेंडला रेंजवर जाऊन फोटो टाकतात तेव्हा माझ्या पोटात गोळा येतो. शस्त्राचा गुन्हा नावावर लागला तर ग्रीन कार्ड असलेल्यालाही देशाबाहेर काढता येतं, मग व्हिसावाल्याची काय कथा. म्हणून हे सगळ्यात आधी सांगितलं.

मी इथे एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करते. घर ह्यूस्टनच्या बाहेर, शेजारचं घर हाकेच्या अंतरावर नाही, आणि नवरा कामानिमित्त महिन्यातून बरेच दिवस बाहेर. ९११ ला, म्हणजे पोलिसांच्या आपत्कालीन नंबरला, फोन केला तरी गाडी पोचायला वेळ लागणार, हे आमच्या भागात सगळेच धरून चालतात. हे एक कारण. दुसरं कारण कोल्हापूरचं. कॉलेजात एनसीसीला होते, पोटावर झोपून .२२ ची, म्हणजे बारीक गोळीची, रायफल चालवली होती आणि ती मनापासून आवडली होती. पुढे राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तूलमध्ये सुवर्ण मिळवलं, तेव्हा इथे एकटीच टीव्हीसमोर टाळ्या वाजवत बसले होते. तेही .२२ च.

म्हणजे मला एकाच वेळी दोन गोष्टी हव्या होत्या : घरासाठी संरक्षण आणि रविवारचा नेमबाजीचा छंद. आणि पिस्तुलावर ४०० डॉलरच्या वर खर्च करायचा नाही, हे ठरलेलं होतं.

नवऱ्याचा विरोध होता आणि त्याचं म्हणणं मला आजही बरोबर वाटतं. "तुला चोराची भीती वाटते, मला घरातल्या पिस्तुलाची," असं तो म्हणाला. आमचा मुलगा चौदा वर्षांचा. घरात शस्त्र असलं की आत्महत्येचा धोका वाढतो, हे इथल्या सार्वजनिक आरोग्याच्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलेलं आहे आणि या वयाच्या मुलांच्या बाबतीत ते फार गंभीरपणे घ्यायला हवं. आम्ही बऱ्याच रात्री यावर बोललो. शेवटी ठरलं की आधी तिजोरी येईल, मग पिस्तूल. आणि घरात कोणाचंही मन ठिकाणावर नसेल, त्या काळात ते घरात राहणार नाही. ही अट त्याने घातली आणि मी मनापासून मान्य केली.

पहिल्या दुकानात गेले तिथे काउंटरवरच्या गृहस्थांनी मला काही विचारायच्या आत एक इवलंसं पाच गोळ्यांचं रिव्हॉल्वर पुढे केलं. बायकांना हलकं बरं पडतं म्हणाले. हा सल्ला इथे जवळपास प्रत्येक बाईला मिळतो आणि तो चुकीचा आहे, हे मी आता ठामपणे सांगते. शस्त्र जितकं हलकं तितका त्याचा धक्का हातावर जास्त येतो. आखूड नळीवर नेम धरायला अंतर कमी मिळतं. शिवाय अशा रिव्हॉल्वरचा चाप इतका जड असतो की तो ओढता ओढताच नळी हलते. ही लहान शस्त्रं खिशात किंवा पर्समध्ये बाळगायला केलेली असतात. टेक्सासमध्ये १ सप्टेंबर २०२१ पासून एकवीस वर्षांवरच्या, कायद्याने पात्र असलेल्या माणसाला परवान्याशिवायही पिस्तूल बाळगून फिरता येतं, हे खरं. पण मला ते घेऊन फिरायचंच नव्हतं. घरात तिजोरीत राहणारं पिस्तूल लहान असण्याचा काहीच फायदा नाही. उलट मोठं आणि वजनदार असेल तर नवशिक्या हाताला सोपं जातं. ही एक गोष्ट डोक्यात स्पष्ट झाली आणि अर्धी यादी तिथेच गळाली.

उरलेली यादी रेंजवर गळाली. बहुतेक मोठ्या इनडोअर रेंजवर थोडं भाडं भरलं की वेगवेगळी पिस्तुलं चालवून बघता येतात, गोळ्या मात्र त्यांच्याकडूनच घ्याव्या लागतात. आधी मी तिथलाच नवशिक्यांचा वर्ग केला. चार नियम तोंडपाठ करून घेतले : प्रत्येक शस्त्र भरलेलंच आहे असं समजा, ज्याचा नाश करायचा नाही त्याच्यावर नळी रोखू नका, नेम धरेपर्यंत बोट चापाबाहेर, आणि लक्ष्याच्या मागे काय आहे ते माहीत असू द्या. मग कानात बोळे आणि वरून हेडफोनसारखे इअरमफ, दोन्ही. बंद खोलीत ९ एमएमच्या (.२२ पेक्षा जाड गोळीच्या) पिस्तुलाचा आवाज १६० डेसिबलच्या घरात जातो. नुसत्या बोळ्यांवर भागवू नये. आणि गळाबंद कपडे घालावेत. गोळी सुटल्यावर रिकामी पुंगळी उडते ती चांगली तापलेली असते. माझ्या शेजारच्या लेनमधल्या बाईच्या गळ्यातून एक आत गेली. ती किंचाळून वळणार तेवढ्यात प्रशिक्षकाने तिचं मनगट पकडून नळी समोरच धरून ठेवली. दुसरा नियम कशाला असतो ते मला त्या क्षणी कळलं.

आमच्या प्रशिक्षक बाई निवृत्त पोलीस होत्या. त्यांनी माझ्या नकळत मॅगझिनमध्ये (पिस्तुलाच्या मुठीत बसणाऱ्या गोळ्यांच्या डबीत) खऱ्या गोळ्यांच्या मधे दोनतीन नकली गोळ्या भरल्या. खऱ्या गोळीच्या धक्क्यात काही दिसत नाही, पण नकली गोळी आली की चाप दाबताना नळी भसकन खाली जाते ते उघड दिसतं. धक्का येणार म्हणून मनगट आधीच दचकतं आणि उजव्या हाताने झाडणाऱ्याच्या गोळ्या डावीकडे खाली जातात. त्यावर उपाय एकच, भरपूर सराव. आणि सराव म्हणजे पैसे. इथेच परवडण्याचं खरं गणित सुरू होतं.

.२२ ची गोळी साधारण सातआठ सेंटला पडते. ९ एमएमची सरावाची गोळी पंचवीस सेंटच्या आसपास, आणि संरक्षणासाठीची हॉलो पॉइंट (टोकाला पोकळी असलेली) गोळी एक डॉलरच्या घरात. हॉलो पॉइंट लक्ष्यात शिरल्यावर पसरते आणि आरपार जाण्याची शक्यता कमी होते, म्हणून घरासाठी तीच ठेवायची, आणि आपल्या पिस्तुलात ती अडकत नाही ना हे थोड्या गोळ्या झाडून आधी बघून घ्यायचं. महिन्याला २०० गोळ्या म्हटल्या तर .२२ चा खर्च पंधरा-सोळा डॉलर आणि ९ एमएमचा पन्नास. वर्षभरात ९ एमएमच्या गोळ्यांवर पिस्तुलापेक्षा जास्त पैसे जातात. मग दोन्हीसाठी एकच .२२ का नको? मीही विचारलं. त्या काडतुसाच्या बुडाच्या कडेत स्फोटक असतं आणि गोळी न सुटण्याचं प्रमाण त्यात जास्त. रेंजवर न सुटलेली गोळी काढून टाकून पुढे जाता येतं, रात्री दारात कोणी असताना नाही. शिवाय तिची ताकदही कमी.

म्हणून घरासाठी ९ एमएम पक्कं झालं. ग्लॉक १९ चालवलं, उत्तम आहे, पण नवं घ्यायचं तर ५०० च्या वर. ब्राझीलच्या टॉरसचं जी३सी खिशाला फार सोपं, त्यातून गोळ्याही नीट लागल्या, पण मूठ आखूड, माझी करंगळी अधांतरी राहायची. पोलिसांनी बदलून टाकलेली जुनी पिस्तुलं स्वस्तात मिळतात, त्यांत .४० ची (९ एमएमपेक्षा जाड गोळीची) बरीच असतात, कारण एफबीआयपाठोपाठ अनेक पोलीस खाती पुन्हा ९ एमएमकडे वळली. दणकट माल असतो. पण .४० चा धक्का तीव्र आणि गोळ्या महाग, सरावाला ते परवडेना. स्मिथ अँड वेसनचं शिल्ड ईझेड नावाप्रमाणे हाताला फार सोपं : ज्यांच्या बोटांत संधिवात आहे त्यांनी तेच आधी बघावं. माझ्या बजेटच्या मात्र ते अगदी काठावर होतं.

मला जमलं ते रूगरचं सिक्युरिटी-९. चार इंचाची नळी, मॅगझिनमध्ये १५ गोळ्या, किंमत तीनशे-साडेतीनशेच्या मधे. आत लपलेला हॅमर (घोडा) असल्यामुळे स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकता भाग, मागे ओढायला फार जोर लागत नाही, आणि माझी खरी अडचण तीच होती. चाप ग्लॉकइतका नेटका नाही, तरी सात यार्डांवर कागदी लक्ष्यात माझ्या गोळ्या यातून सर्वांत जवळजवळ पडल्या. मी त्या कागदावर तारीख आणि पिस्तुलाचं नाव लिहून ठेवायचे. निर्णय त्या कागदांनी केला.

खरेदीचा दिवस कागदपत्रांचा. परवानाधारक दुकानदाराकडून घ्यायचं तर ४४७३ नावाचा फॉर्म भरावा लागतो. त्यात पत्ता, जन्मस्थान, उंची, वजन, नागरिकत्व, आणि आपल्यासारख्यांसाठी ग्रीन कार्डवरचा यूएससीआयएस (इमिग्रेशन खात्याचा) क्रमांक. खरा खरेदीदार तुम्हीच का, हा प्रश्न सहज वाटतो पण महत्त्वाचा आहे. दुसऱ्याच्या पैशांनी त्याच्यासाठी आपल्या नावावर घेणं हा केंद्रीय गुन्हा आहे. गांजाबद्दलही विचारतात, आणि एखाद्या राज्यात तो चालत असला तरी केंद्राला चालत नाही. ड्रायव्हिंग लायसन्सवरचा पत्ता सध्याचाच हवा. घर बदललं असेल तर आधी तो बदलून घ्या.

मग दुकानदार एफबीआयच्या निक्स यंत्रणेकडे, जी खरेदीदाराची पार्श्वभूमी तपासते, विचारणा करतो. ही यंत्रणा १९९८ पासून चालू आहे. उत्तरं तीन : प्रोसीड (द्यायला हरकत नाही), डिलेड (थांबा), डिनाइड (नकार). बहुतेकांना काही मिनिटांत प्रोसीड मिळतं, मला डिलेड मिळालं. इमिग्रेशनची नोंद तपासावी लागली की असं होतं, घाबरायचं कारण नाही. कामाचे तीन दिवस उलटून उत्तर आलं नाही तर केंद्रीय कायद्याप्रमाणे दुकानदाराला माल देता येतो, पण तो देईलच असं नाही. मला त्याआधीच हिरवा कंदील मिळाला.

पिस्तुलासोबत कुलूप द्यावंच लागतं, तारेचं एक कुलूप डब्यातच होतं. ते पुरेसं नाही. तिजोरी म्हणून मी आधीच बटणं दाबून उघडायची पेटी घेतली होती, बोटाचा ठसा ओळखणारी नाही. घाम आला की ठसा ओळखत नाही असं बऱ्याच जणांकडून ऐकलं होतं. पेटी कपाटात स्क्रूने पक्की ठोकलेली आहे. सतरा वर्षांखालच्या मुलाच्या हाती भरलेलं शस्त्र लागू दिलं तर टेक्सासमध्ये तो पालकाचा गुन्हा ठरतो. कायदा नसता तरी आम्ही हेच केलं असतं.

पेटी बसवताना नवऱ्याने भिंतीवर टिचकी मारली आणि आम्ही दोघंही गप्प झालो. कोल्हापूरच्या आमच्या घराला विटांच्या भिंती आहेत. इथे आतल्या भिंती म्हणजे लाकडाची चौकट आणि दोन्ही बाजूंना प्लास्टरचे पत्रे. ९ एमएमची गोळी अशा भिंतींतून सहज पलीकडे जाते, हॉलो पॉइंटसुद्धा. आणि आमच्या खोलीच्या पलीकडे मुलाची खोली. त्या संध्याकाळी आम्ही तिघं घरभर फिरलो. शेवटी ठरलं ते असं : काही झालं तर आधी मुलाला आमच्या खोलीत आणायचं, दाराला कडी, ९११ चालू ठेवायचा, आणि मी पलंगाच्या पलीकडे अशा कोपऱ्यात बसायचं की समोर दार आणि त्यामागे बाहेरची विटांची भिंत येईल. चोर शोधायला घरभर फिरायचं नाही. टीव्ही नेला तर नेऊ दे.

पिस्तूल, पेटी, इअरमफ, चष्मा, वर्ग, पहिल्या दोन महिन्यांच्या गोळ्या आणि रेंजची फी धरून सगळं मिळून साडेसातशे डॉलरच्या आसपास गेलं. ३०० डॉलरचं पिस्तूल घ्यायला निघणाऱ्याने किमान दुप्पट बाजूला काढून ठेवावेत, नाहीतर थांबावं. सराव नसलेल्या हातात ते पिस्तूल घरच्यांनाच धोक्याचं.

छंदासाठी नंतर रूगरचं रँग्लर घेतलं, .२२ चं सहा गोळ्यांचं रिव्हॉल्वर, दोनशे डॉलरच्या आसपास. बाजूची झडप उघडून एकेक गोळी भरायची, दर वेळी अंगठ्याने घोडा चढवायचा. सगळं सावकाश होतं, आणि मुलाला शिकवायला मला तेच हवं होतं. तो माझ्याबरोबर येतो, नियम मला म्हणून दाखवतो, मगच लेनमध्ये पाय ठेवतो. घरी आल्यावर दोघंही थंड पाण्याने आणि साबणाने हात धुतो, कपडे थेट मशीनमध्ये, कारण रेंजच्या धुळीत शिसं असतं. बूट बाहेर काढायची आपली सवय इथे फार उपयोगी पडते.

आणि भारतात जाणाऱ्यांसाठी एक कळकळीची विनंती. रेंजवर नेलेली बॅग प्रवासाला कधीही नेऊ नका. .२२ ची गोळी नखाएवढ्या जागेत अस्तरात सरकून बसते. मुंबईच्या विमानतळावर स्कॅनरमध्ये एक जिवंत काडतूस दिसलं तरी शस्त्र कायद्याखाली गुन्हा दाखल होऊ शकतो, आणि रजेचे दिवस पोलीस ठाण्यात आणि वकिलाकडे जातात. आमच्या रेंजच्या बॅगेला लाल फीत बांधलेली आहे, ती गॅरेजमध्येच राहते, आणि गावी जायच्या आधी आम्ही जॅकेटचे खिसेसुद्धा उलटे करून बघतो.