नवापूरकडची मसाल्याच्या डब्यातली बाग

भुसावळ-सुरत मार्गावर नवापूरला उतरलं की फलाटावरच राज्य बदलतं. अर्धं स्टेशन महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत. फोटोचा कार्यक्रम उरकून मी थेट पाड्याची जीप धरली. तिथल्या चर्चमागच्या मोकळ्या जागेत बायबलमधल्या वनस्पतींची बाग लावायची होती आणि महिला मंडळ चालवणाऱ्या निवृत्त शिक्षिका, म्हणजे गावाच्या 'बाई', यांनी हक्काने बोलावलं होतं. या पट्ट्यात मावची बोलणारी बरीच आदिवासी कुटुंबं ख्रिस्ती आहेत. दिवाळी होऊन थंडी पडू लागली होती, म्हणजे लागवडीला वेळ अगदी बरोबर.

अशा बागा म्हटलं की युरोपातले मठ आठवतात. स्वित्झर्लंडमधल्या सेंट गॉलच्या मठाच्या सुमारे 820 सालच्या आराखड्यात तर दवाखान्याशेजारी औषधी वनस्पतींचे 16 वाफे काढलेले आहेत. पुढे रोपांना अर्थ चिकटत गेले: पांढरी लिली येशूच्या आईच्या, मरियेच्या पावित्र्याची, लाल गुलाब हुतात्म्यांच्या रक्ताचा. रोझमेरीची फुलं निळी झाली ती म्हणे मरियेने झुडपावर झगा वाळत घातला म्हणून. गोष्ट गोड आहे, पण शास्त्रात, म्हणजे बायबलात नाही. शिवाय खान्देशातला मे महिना रोझमेरीला कुठला सोसायला! बाईंनी हा विषय एका वाक्यात मिटवला, "ताई, शास्त्रात जे आहे ते आपल्या मसाल्याच्या डब्यात आहे."

चुन्याच्या फक्कीने क्रूस आखला. त्याच्या चार भुजा म्हणजे वाफे, चालायची वाट बाहेरून. काळी माती पाणी धरून ठेवते, म्हणून मधल्या वाफ्यात नदीची वाळू आणि शेणखत मिसळलं. ते मरव्यासाठी.

मरवा इथे एजोबाच्या जागी. एजोब म्हणजे बायबलमधलं सुगंधी झुडूप, इंग्रजीत हिसॉप. मिसर, म्हणजे इजिप्त, सोडायच्या रात्री इस्राएल लोकांनी दाराच्या चौकटीला कोकराचं रक्त लावलं ते एजोबाच्या जुडीने. एकावन्नाव्या स्तोत्रात पापातून धुऊन काढण्याची विनवणी आहे, तीही एजोबाने. आणि योहानाच्या शुभवर्तमानात क्रुसावरच्या येशूच्या तोंडाशी आंबेत, म्हणजे आंबट द्राक्षारसात भिजवलेला स्पंज नेला, तोही एजोबावर लावून. नर्सरीत हिसॉप म्हणून मिळतं ते युरोपातलं झुडूप इस्राएलच्या भूमीत मुळात उगवतच नाही. बहुतेक अभ्यासक बायबलमधला एजोब म्हणजे मरव्याचा सख्खा भाऊबंद मानतात, तिकडच्या खडकाळ टेकड्यांवर वाढणारा. मग गजऱ्यातला आपला मरवा का नको? बोटभर फांद्या, खालची पानं काढलेली, दोन पेरं मातीत. संध्याकाळपर्यंत सगळ्यांच्या हाताला त्याचा वास होता.

धण्यांपाशी मात्र काम अडलं. रानात देवाने इस्राएल लोकांना दिलेलं अन्न, म्हणजे मान्ना, धण्यासारखा होता, असं बायबलच्या निर्गम पुस्तकात आहे, म्हणून धणे हवेतच. पेरण्याआधी ते फोडून दोन डाळी करायच्या, आणि आपल्याकडे त्याची रीत एकच: धणे जमिनीवर पसरा आणि चपलेने रगडा. पोरींनी चपला काढल्याही होत्या. एक आजी कडाडल्या, "मान्नाचं धान्य पायताणाखाली घालता?" मग कुणीतरी घरातून लाटणं आणलं आणि पाटावर तास-दीड तास धणे फिरवत बसलो. चपलेने दहा मिनिटांत झालं असतं, हे मी मनातच ठेवलं.

जिऱ्याच्या वाफ्याजवळ एक शेतकरीबाबा उभे होते. बायबलमधल्या यशया संदेष्ट्याने लिहिलंय की जिऱ्यावर गाडीचं चाक फिरवत नाहीत, ते काठीने झोडतात. हे वाचून दाखवल्यावर बाबा म्हणाले, "मग! चाक फिरवलं तर पीठ होईल." पलीकडे गुजरातेत जिरं भरपूर पिकतं, इथे दव आणि ढगाळ हवा टळली तर येईल. मोहरी एका कडेला फेकून दिली, तिची काळजी कुणालाच नव्हती.

सब्ज्यावरून थोडी कुजबुज झाली. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स मंडळ्या 14 सप्टेंबरला क्रुसाच्या सणाला याच्या जुड्यांनी पवित्र पाणी शिंपडतात. रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनची आई हेलेना राणी हिला येशूचा खरा क्रूस सापडला तिथे हे रोप उगवलं होतं, अशी आख्यायिका. पण दिसतं तुळशीसारखंच. "लोक म्हणतील, चर्चमागे तुळस लावली." बाई हसल्या, "म्हणू द्या. फालुद्यात खाताना कुणी विचारतं का?" बी पावसाळ्याच्या तोंडाशी टाकायचं ठरलं.

मला सगळ्यात आवडला तो पुदिना, शेपू आणि सताप यांचा वाफा. कारण इथे प्रतीक गोड नाही, टोमण्याचं आहे. पुदिना, शेपू, जिऱ्याचा दशांश, म्हणजे देवाचा दहावा हिस्सा, मोजून देता आणि न्याय, दया, विश्वास सोडता, असं येशू शास्त्र्यांना आणि परुश्यांना, म्हणजे नियम काटेकोर पाळणाऱ्या यहुदी पंथाच्या लोकांना, सुनावतो. लूकच्या शुभवर्तमानात त्या यादीत सतापही आहे. भक्तीच्या बागेत भक्तांनाच चिमटा काढणारा वाफा असावा, हे मला फार पटलं. पुदिना सगळीकडे पसरतो म्हणून बूड कापलेल्या डब्यात लावून डबा मातीत गाडला. सताप वाटेपासून लांब, कारण त्याचा चीक अंगाला लागून ऊन बसलं तर फोड येतात.

दुपारी कळण्याची भाकरी, ठेचा आणि नवापूरची तूरडाळ. जेवताना वाद एकच रंगला: शेपूची पहिली जुडी कोण नेणार? बाईंनी निकाल दिला, "नऊ जुड्या पाणी घालणाऱ्यांच्या, दहावी चर्चची. आणि मोजायला परुशी नको, मी आहे."