आठवं बटण

अंधेरी पूर्वची पोटनिवडणूक, 3 नोव्हेंबर 2022. आमदार रमेश लटके मे महिन्यात गेले. रिकामी जागा सहा महिन्यांत भरायची म्हणून दिवाळीचा फराळ संपायच्या आत आमच्या ड्युट्या लागल्या. भाजपने उमेदवार मागे घेतलेला. रमेश लटकेंच्या पत्नी ऋतुजा लटके निवडून येणार हे शेंबडं पोरही सांगत होतं. मी केंद्राध्यक्ष.

पहाटे साडेपाचला अभिरूप मतदान, म्हणजे मशीन तपासायला लुटुपुटूचं मतदान. प्रतिनिधींसाठी पंधरा मिनिटं थांबायचं असतं. आला एकटा मशालीचा, म्हणजे ऋतुजा लटकेंच्या पक्षाचा. किमान 50 मतं टाकायची, प्रत्येक बटणावर निदान एक. उमेदवार सात, आठवं बटण नोटाचं, म्हणजे 'वरीलपैकी कुणीही नाही'. नोटाला कुठला प्रतिनिधी? ती मतं मीच दाबली. मग बेरीज जुळवायची, मशीन क्लिअर करायचं, व्हीव्हीपॅटच्या, म्हणजे मत छापणाऱ्या यंत्राच्या, चिठ्ठ्यांच्या पाठीवर शिक्के मारून त्या काळ्या लखोट्यात घालायच्या, वर लाख. यात माझा हात कुणी धरणार नाही. ट्रेनिंगमध्ये डुलक्या काढणारेच नेमके क्लिअर करायला विसरतात.

दुपारी तीनला केंद्र ओस पडलेलं. एक आजोबा आले. रजिस्टरवर सही केली, बोटाला शाई लावून घेतली आणि चिठ्ठी हातात धरून तिथेच थबकले.

"साहेब, मला कुणालाच द्यायचं नाहीये. मग काय करायचं?"

आठव्या बटणाचं नावच ते जवळजवळ बोलले होते! पण त्याच आठवड्यात नोटासाठी पैसे वाटल्याच्या तक्रारी गाजत होत्या. मशालीच्या प्रतिनिधीने मान वर केली. केंद्राध्यक्षाने बटणाचं नाव घेतलं की संपलंच.

"आत जाऊन बघा तर खरं, आजोबा."

"नको. आत गेलो की उगाच बोट कुठंतरी पडायचं."

नियम 49-ओ: सही केल्यावरही मत न देता परत जाता येतं. मतदारांच्या रजिस्टरात (नमुना 17-ए) शेऱ्यात 'मत देण्यास नकार' लिहिलं आणि त्यापुढे त्यांची सही घेतली. सावकाश, पूर्ण नावानिशी केली त्यांनी. संध्याकाळी मतांच्या हिशेबाचा नमुना 17-सी भरताना मत न देणाऱ्यांच्या रकान्यात 1 आला.

रविवारी मोजणी झाली. लटके 66,530, दुसऱ्या क्रमांकावर नोटा, 12,806. चॅनलवाल्यांना दिवसभराचा खुराक. त्या आकड्यात आजोबा नाहीत.

'शेवटपर्यंत वाचा' एवढं म्हटलं असतं तर? दोन सिनिअरांना विचारलं. एक म्हणाले, बिनधास्त म्हणायचंस. दुसरे म्हणाले, घरी बसला असतास.